मात्रा मोजणारा कवि



कवि म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक मूर्ति उभी राहते. केस विस्कटलेले, दृष्टि शून्यांत लागलेली, घरांतील तांदूळ संपल्याची वार्ता कानांवरून निघून गेलेली, आणि स्फूर्ति आली तरच हातांत लेखणी. नाटककारांनीं व विनोदी लेखकांनीं ही मूर्ति इतकी रंगविली आहे कीं ती खरी वाटूं लागते. पण मराठी कवींच्या चरित्रांकडे पाहिलें तर निराळेंच दृश्य दिसतें. त्यांतील कितीतरी कवि पोटासाठीं चाकरी करणारे, आणि त्यांतहि पुष्कळसे मास्तर. केशवसुत मुंबईंत, खानदेशांत आणि शेवटीं धारवाडला मुलांना शिकवीत होते. हातांत खडू, पुढें मुलांनीं भरलेला वर्ग, आणि घंटा झाली कीं दुसरा वर्ग. ह्या रगाड्यांतच मराठी कविता वाढली आहे.

अशाच एका शिक्षक कवीची ही हकीकत आहे. माधव त्र्यंबक पटवर्धन हें त्यांचें घरचें नांव. वाचकांना ते माधव ज्यूलियन म्हणून परिचित आहेत. जन्म बडोद्याचा, २१ जानेवारी १८९४ चा. 'ज्यूलियन' हें नांव त्यांनीं कोठून उचललें ह्याविषयीं दोन हकीकती सांगतात. शेले कवीच्या 'ज्यूलियन अँड मॅडलो' ह्या काव्यांतून, असें कोणी म्हणतात; मेरी कॉरेली ह्या कादंबरीकर्त्रीच्या एका पात्रावरून, असें दुसरे म्हणतात. कोणतीहि खरी असो. देशस्थ-कोकणस्थांच्या पुण्यांत असलें विलायती उपपद लावून मिरविणें म्हणजे टीकाकारांना आपण होऊन पानसुपारी देणेंच होतें. ती त्यांनीं आयुष्यभर दिली.

१९१८ सालीं ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत फारसी भाषेचे अध्यापक झाले. पुण्यांतल्या ब्राह्मण तरुणानें फारसी शिकवावी ह्याचें आज नवल वाटेल. परंतु मराठ्यांच्या इतिहासाचीं जुनीं कागदपत्रें ज्यानें उलगडलीं आहेत, त्याला फारसीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं हें ठाऊक असतें. माधवरावांनीं केवळ वर्ग घेऊन हात झाडले नाहींत. १९२५ सालीं त्यांचा 'फारसी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला. कोश रचणें हें काम कसें असतें हें ज्यानें केलें त्यालाच कळतें. चिठ्ठ्या लिहावयाच्या, त्या लावावयाच्या, एकेका शब्दाच्या मागें फिरावयाचें, आणि शेवटीं पानाच्या तळाशीं एखादी चूक राहतेच. प्रणयगीतें लिहिणाऱ्या मनुष्याच्या हातून हें घडलें, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाची पहिली खूण म्हणून लक्षांत ठेवावी.

पुण्यांत १९२३ सालीं 'रविकिरण मंडळ' स्थापन झालें. त्याचें मूळ अगदीं साधें होतें. कांहीं कविमित्र रविवारीं चहाला जमत आणि आपापल्या नव्या कविता एकमेकांना वाचून दाखवीत. श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, शंकर केशव कानेटकर म्हणजे 'गिरीश', यशवंत दिनकर पेंढरकर म्हणजे 'यशवंत', नाट्यछटाकार 'दिवाकर', विठ्ठल दत्तात्रय घाटे, माधव ज्यूलियन, अशी ही बैठक. ह्यांतील धंद्यांची यादी केली तर पुन्हां तेंच दिसतें. गिरीश शिक्षक, दिवाकर शिक्षक, घाटे शिक्षणखात्यांतले, माधवराव अध्यापक. यशवंत येरवड्याच्या बालगुन्हेगारांच्या संस्थेंत नोकरीला होते, आणि तेथें जें डोळ्यांनीं पाहिलें त्यांतूनच त्यांचें 'बंदीशाळा' हें काव्य निघालें. आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्याचे. सातवा तेवढा कवितेचा.

अशा बैठकींत स्तुति फार होते असें बाहेरच्यांना वाटतें. परस्परांची पाठ थोपटणारें मंडळ, असा आरोप रविकिरण मंडळावर झालाहि, आणि तो अगदींच निराधार होता असें म्हणवत नाहीं. पण जो मनुष्य आपली कविता दर आठवड्याला सहा-सात जाणत्यांपुढें मोठ्यानें वाचतो त्याला एक लाभ होतो, तो एकांतांत बसणाऱ्याला होत नाहीं. कागदावर डोळ्याला न दिसलेली अडखळण कानाला ताबडतोब लागते. ऐकणारा बोलला नाहीं तरी त्याचा कप बशीवर कोणत्या ओळीला वाजला हें कवीला कळतें. मंडळानें प्रथम 'किरण' हा छोटा संग्रह काढला, आणि पुढें वेळोवेळीं सभासदांचे संयुक्त व स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध केले. रानडे पतिपत्नींच्या कविता 'श्रीमनोरमा' ह्या नांवानें एकत्र आल्या. नवराबायकोनें एकाच पुस्तकांत कविता छापाव्यात ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती. मनोरमाबाई १९२६ सालीं, अवघ्या तिशींत, निवर्तल्या, आणि बैठकींतला तो एक स्वर कायमचा गेला.

बैठकींतून बाहेर पडून ही मंडळी गांवोगांवच्या व्यासपीठांवर गेली. कविता चालीवर म्हणून दाखवावयाची, तीहि कवीनें स्वतः, हा प्रघात रविकिरण मंडळानें महाराष्ट्रभर रूढ केला. यशवंत आणि गिरीश ह्यांचें काव्यगायन विशेष लोकप्रिय झालें. ज्या गांवांत वर्षाकांठीं कवितेचीं दोन पुस्तकें खपत नसत, तेथें काव्यगायनाला दिवाणखाने भरूं लागले. पेटी नाहीं, तबला नाहीं, पडदा नाहीं; एक मनुष्य उभा राहून आपल्याच ओळी म्हणतो आहे, आणि मागच्या रांगेंतला दुकानदार मान डोलावतो आहे. हें यश लहान नव्हे. पण त्याची किंमतहि द्यावी लागली. जी कविता गळ्यावर चढते तीच पुन्हां पुन्हां मागितली जाते, आणि मग कवि नकळत गळ्यासाठींच लिहूं लागतो. अर्थ मागें आणि आलाप पुढें, अशी तक्रार त्या काळीं झाली. ती पुष्कळ अंशीं खरी होती.

ह्या सर्वांची थट्टा प्रल्हाद केशव अत्रे ह्यांनीं 'केशवकुमार' ह्या नांवानें १९२५ सालीं 'झेंडूचीं फुलें'मध्यें केली. त्या पुस्तकानें महाराष्ट्र पोट धरधरून हंसला. रविकिरण मंडळाचीं वृत्तें, त्यांचे फारसी शब्द, त्यांचे प्रेमाचे उसासे, सारें त्यांत आलें. परंतु विडंबन त्याचेंच होऊं शकतें ज्याची ढब लोकांच्या कानांत आधींच भिनलेली आहे. अपरिचित कवीची नक्कल करून कोणाला हंसवितां येत नाहीं. अत्र्यांच्या हंशांत मंडळाच्या प्रसाराची पावतीहि होती, हें आतां शांतपणें पाहतां येतें.

माधवरावांची फर्ग्युसनमधील चाकरी १९२४ सालीं सुटली. पुन्हां स्थिर अध्यापकी मिळाली ती १९२८ सालीं, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत. मधलीं चार वर्षें अस्थिरतेचीं. संसारी मनुष्याला अशा चार वर्षांत पुढच्या महिन्याच्या भाड्यावांचून दुसरें कांहीं सुचूं नये. पण पुस्तकांवरचे सनच पाहावेत. १९२५ कोश, १९२६ 'विरहतरंग' हें खंडकाव्य, १९२७ 'छन्दोरचना', १९२८ 'सुधारक'. ज्या काळांत पायांखालची जमीन हलत होती, त्याच काळांत त्यांच्या आयुष्यांतलें सर्वांत भक्कम काम झालें. दुःख मनुष्याला मोठें करतें वगैरे बोलण्यांत अर्थ नाहीं. दुःखानें मोडलेलींच माणसें अधिक. माधवरावांच्यापाशीं रोज उठून करावयाचें एक काम होतें, आणि त्या कामानें त्यांना धरून ठेवलें असावें.

तें काम म्हणजे छंदःशास्त्र. शाळेंत 'यमाताराजभानसलगा' हें सूत्र पाठ केलेले श्रोते पुष्कळ असतील. त्यांतील पहिलीं तीन अक्षरें 'यमाता' घेतलीं कीं लघु, गुरु, गुरु, हा यगण होतो. एक अक्षर पुढें सरकून 'मातारा' घेतलीं कीं तिन्ही गुरु, हा मगण. असे आठ गण त्या एका सूत्रांत बसविलेले आहेत. संस्कृतांतून आलेल्या वृत्तांना ही फूटपट्टी उत्तम लागते. पण मराठी कविता काय केवळ संस्कृत वृत्तांत आहे? ओवी कोणत्या गणांची? अभंगाला फूटपट्टी कोणती लावावी? पदें, लावण्या, जात्यावरचीं गाणीं, हीं कशानें मोजावीं? जुन्या ग्रंथांत ह्याचीं उत्तरें त्रोटक होतीं, आणि कांहीं ठिकाणीं तर कान एक सांगे आणि ग्रंथ दुसरेंच.

माधवरावांनीं पद्याच्या तीन जाति स्वच्छ वेगळ्या केल्या. पहिलीं अक्षरगणवृत्तें, ज्यांत कोणतें अक्षर लघु आणि कोणतें गुरु ह्याचा क्रम ठरलेला. दुसरी जाति, हाच शब्द विशेष अर्थानें, ज्यांत अक्षरें कितीहि असोत, मात्रांचा हिशेब जुळला पाहिजे आणि ठराविक मात्रांनंतर टाळी पडली पाहिजे. तिसरे छंद, म्हणजे ओवी-अभंग, ज्यांत अक्षरांची संख्या मोजावयाची आणि लघुगुरूंचा भेद सोडून द्यावयाचा.

दुसरा प्रकार कानानें सहज पटतो. 'पाणी आलें' हे दोन शब्द घ्यावेत. चार अक्षरें, चारहि गुरु, एकेकाच्या दोन मात्रा, म्हणून आठ मात्रा. आतां 'घागर भर तूं' हें म्हणून पाहावें. अक्षरें सहा झालीं. पण घा दोन, ग एक, र एक, भ एक, र एक, तूं दोन, मिळून पुन्हां आठच. अक्षरें मोजणाऱ्याला हीं दोन वाक्यें विजोड वाटतील. टाळी धरणाऱ्याला तीं सख्खीं भावंडें आहेत. घरांत लहान मूल असेल तर त्याला गुडघ्यावर हात मारून हीं दोन्ही म्हणावयास लावावें, म्हणजे छंदःशास्त्राचा पहिला धडा पांच मिनिटांत होतो.

ह्या मात्रांच्या आवर्तनांना माधवरावांनीं जीं नांवें दिलीं त्यांत त्यांच्यांतला शिक्षक दिसतो. पांच मात्रांचें आवर्तन तें हर, कारण शंकर पंचमुखी. सहा मात्रांचें तें भृंग, कारण भुंग्याला सहा पाय. सात मात्रांचें तें अग्नि, कारण अग्नीच्या जिव्हा सात. आणि आठ मात्रांचें तें पद्म, कारण कमळ अष्टदल. नांव लक्षांत राहिलें कीं आंकडा आपोआप आठवतो. ज्यानें कधीं वर्गाला शिकविलें नाहीं त्याला असली युक्ति सुचणार नाहीं. तो कोष्टक देऊन मोकळा झाला असता.

ग्रंथ प्रसिद्ध झाला म्हणजे काम संपलें, असें बहुतेक लेखक मानतात. माधवरावांनीं पुढचीं दहा वर्षें त्याच ग्रंथावर घालविलीं. कोल्हापुरास दिवसा फारसीचे तास, आणि उरलेल्या वेळांत जुन्या पोथ्या, संतकाव्य, पंडितकाव्य, शाहिरी कविता ह्यांतील ओळी घेऊन त्यांचें माप काढणें. १९३७ सालीं 'छन्दोरचने'ची नवी आवृत्ति निघाली, ती जवळजवळ नवा ग्रंथच होऊन. तिच्यासाठीं १९३८ सालीं मुंबई विद्यापीठानें त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी भाषेंतील कामासाठीं ही पदवी मिळविणारे ते पहिले. पदव्यांचें एवढें कौतुक नाहीं. पण मराठी पद्याच्या मोजमापाविषयीं आजहि वाद निघाला तर दोन्ही पक्ष त्याच ग्रंथाचें पान उघडतात.

येथें एक शंका पुष्कळांना येते. मात्रा मोजणाऱ्याला कविता कशी सुचणार? उलट मोजमापाचा नाद असलेल्या ह्याच कवीनें मराठींत सर्वांत अधिक नवे आकार आणले. फारसींतून गज्जल आणली, आणि १९३३ सालीं 'गज्जलांजलि' हा संग्रह दिला. त्या गज्जला पाहिल्या तर त्यांचें वृत्त आणि यमक फारसी थाटाचें आहे. परंतु मूळ गज्जलेंत प्रत्येक द्विपदी आपल्या पायांवर उभी असते, ती गोष्ट माधवरावांच्या पुष्कळ गज्जलांत नाहीं. त्या एकाच भावनेच्या सलग गीतांसारख्या वाहतात. पुढें सुरेश भट ह्यांनीं मराठी गझल निराळ्या कसोटीवर घासली, तेव्हां हा उणेपणा स्पष्ट झाला. पण पहिली पायवाट पाडणाऱ्याकडून हमरस्त्याची अपेक्षा करणें न्यायाचें नाहीं. 'तुटलेले दुवे' ही १९३८ मधील त्यांची सुनीतांची माळ. सुनीत म्हणजे चौदा ओळींचें विलायती पद्य, पण त्यांच्या हातांत तें विलायती वाटत नाहीं.

आतां ह्या कवीच्या आयुष्यांतली खरी अडचणीची गोष्ट. फारसीचा हा अध्यापक, फारसी कोशाचा कर्ता, ज्याच्या आरंभींच्या कवितेंत फारसी शब्दांची रेलचेल म्हणून टीकाकार हंसत, तोच पुढें भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला. १९३६ सालीं जळगांवच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. ह्याच जळगांवांत १९०७ सालीं कविसंमेलन भरलें होतें आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्या कोवळ्या मुलाला 'बालकवि' हें नांव मिळालें होतें. १९३८ सालीं माधवरावांचें 'भाषाशुद्धि-विवेक' हें पुस्तक आलें. एवढ्यावर थांबते तर तो केवळ मतांतला पालट झाला असता. पण त्यांनीं आपल्या पूर्वीच्या काव्यांतून परकी शब्द वेचून काढून त्यांच्या शुद्ध आवृत्त्या सिद्ध केल्या.

हें किती कठीण आहे हें पद्य लिहिणाऱ्यालाच समजेल. उदाहरण म्हणून 'जमीन' हा शब्द घेऊं. लघु, गुरु, लघु, चार मात्रा. त्याच्या जागीं 'भूमि' घातला तर गुरु, लघु, तीनच मात्रा. एक मात्रा कमी पडली आणि सगळी ओळ लंगडली. मग शेजारचा शब्द हलवावा लागतो, त्यामुळें पुढचें यमक बिघडतें, आणि सबंध श्लोक पुन्हां मांडावा लागतो. कधीं माप जुळतेंहि. 'दुनिया' आणि 'जगती', दोन्हींत दोन लघु आणि एक गुरु. अक्षराला अक्षर बसतें. पण 'दुनिया' म्हटल्यावर बाजारांतून, फकिराच्या कटोऱ्यांतून, फसलेल्या मनुष्याच्या सुस्काऱ्यांतून जो अर्थ येतो, तो 'जगती'ला कोठून येणार? 'जगती' स्नान करून सोवळें नेसून बसलेली असते.

माधवरावांना हा फरक कळत नव्हता असें कोण म्हणेल? फारसी शब्दांची चव त्यांच्याइतकी त्या वेळच्या मराठी कवींत कोणाला ठाऊक होती? म्हणूनच हा प्रश्न सोपा राहत नाहीं. तत्त्व पटलें म्हणून स्वतःच्याच लेखनावर कात्री चालविणारा मनुष्य प्रामाणिक तर खराच. परंतु कविता ही लिहिणाऱ्याच्या मालकीची किती काळ असते? जी ओळ वाचकाच्या तोंडीं बसली, जी त्यानें आपल्या पत्रांत उतरून घेतली, तींतला शब्द बारा वर्षांनीं बदलण्याचा अधिकार कवीला उरतो कीं नाहीं? वाचकांनीं आपलें उत्तर वागण्यानें दिलें. ज्यांना जुन्या ओळी पाठ होत्या ते जुन्याच म्हणत राहिले. माधवरावांच्या बाजूनें एवढें म्हणावें लागतें कीं दुसऱ्यांच्या भाषेची झडती घेण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःच्या घराची झडती दिली. सुधारकांत ही रीत विरळ.

कोल्हापुरांत त्यांनीं अकरा वर्षें फारसी शिकविलें. वर्ग, कविता, शास्त्र आणि सभा हीं चार कामें एका मनुष्यानें करावयाचीं म्हटलीं तर कोणतें तरी एक दुबळें पडतेंच, आणि टीकाकारांच्या मतें तें त्यांची कविता. त्यांच्या उत्तरकालीन कवितेंत विचार आणि रचना ह्यांचा ताठरपणा वाढला, हा आक्षेप वाचतांना जाणवतो. 'विरहतरंगां'तली उत्कट घाई पुढें दिसत नाहीं. तथापि त्यांच्या वृत्तावरच्या हुकमतीबद्दल विरोधकांनींहि कधीं शंका घेतली नाहीं.

२९ नोव्हेंबर १९३९ रोजीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. त्यांच्या मागें यशवंत आणि गिरीश पुष्कळ वर्षें जगले, गात राहिले. गिरीश १९७३ पर्यंत, यशवंत १९८५ पर्यंत. माधवरावांनीं उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून १९२९ सालीं मराठींत आणल्या होत्या. तेवढ्यानें समाधान न होऊन फिट्‌झेराल्डच्या इंग्रजी रूपावरून १९३१ सालीं 'द्राक्षकन्या' हा दुसरा अनुवाद त्यांनीं केला. तरीहि त्या चार-चार ओळी त्यांच्या मनांतून गेल्या नव्हत्या. 'मधुलहरी' हा तिसरा अनुवाद छापून बाहेर पडला तो १९४० सालीं. तोंवर तो पुन्हां तपासावयास अनुवादक राहिलेला नव्हता.